सात साते आणि सात आठे यांच्यामध्ये

डोक्याच्या ऑपरेशननंतर ताई धाकट्या भावाकडे राहायला आली, तेव्हा डॉक्टरांनी बजावलं होतं, "रोज थोडी गणितं करून घ्या. चुकतात का बघा." ताईचा जन्म गणित शिकवण्यात गेलेला. चुकली नाही, तर तिला आपल्या घरी परत एकटीनं राहता येणार होतं. तिचा सगळा जीव त्यातच अडकला होता.

भाऊ पुलांचा इंजिनिअर. न्याहारीनंतर त्याने कागद पुढे केला आणि मुद्दाम तिचीच लाडकी संख्या दिली, दहा लाख तीन. लहानपणी तीच सांगायची, "ही मूळ संख्या आहे बरं का! एक आणि ती स्वतः सोडून हिला कुणाचाच भाग जात नाही. बैस डोकं फोडत."

ताईने सातने भागायला घेतलं. अक्षर पूर्वीसारखंच टपोरं.

"बाकी शून्य."

भावाने कागद जवळ ओढला. "चार उरतात गं, ताई."

तिचा चेहरा उतरला. "मग चूक दाखव ना."

त्याने भागाकारावर बोट ठेवलं. एक, चार, दोन, आठ, पाच. इथवर ठीक. शेवटी उरले त्रेपन्न. ताई वर्गात म्हणायची तसा पाढा म्हणू लागली. सात साते एकोणपन्नास. मग सात गुणिले मधला आणखी एक अंक, त्रेपन्न. मग सात आठे छप्पन्न.

त्याला काहीच खटकलं नाही. कागदावरचा तो अंक त्याने मोठ्याने वाचलासुद्धा.

शेजारच्या खोलीत जाऊन त्याने स्वतः भागाकार केला. बाकी चार. परत येऊन ताईचा कागद तपासला. शून्य. चूक कुठेच नव्हती. फक्त नजर हटली की तो अंक आठवत नव्हता.

"माझं डोकं कामातून गेलं का रे?" तिने विचारलं.

त्याने तिचे हात घट्ट धरले. "नाही गं. तुझं बरोबर आहे."

हे त्याने नुसतं तिची समजूत काढायला म्हटलं नव्हतं.

संध्याकाळी ताईच्या शाळेतल्या मैत्रिणी भेटायला आल्या. कितीतरी दिवसांनी ती खळखळून हसली. स्वयंपाकघरातून बायकोने विचारलं, "अहो, किती कप मांडू?"

त्याने डोकावून माणसं मोजली आणि आकडा सांगितला.

"बरं," ती म्हणाली.

तो ट्रे न्यायला आत गेला.

कप सातांहून जास्त होते.

आठ नव्हते.

बायको एकेका कपात निवांत चहा ओतत होती.