पंखाच्या पलीकडे

"अजून काही राहिलंय का, बाळ?"

पापकबुलीच्या लाकडी जाळीमागून येणारा फादरांचा तो आवाज डग्लसने वसईच्या देवळात लहानपणी ऐकलेला. जाळीपलीकडचं तोंड दिसत नसे, म्हणून जीभ सैल सुटे. तरी तो पेरू चोरल्याचं तेवढं सांगे आणि मोठं पाप गिळून घरी येई.

आता चाळिशी उलटल्यावर, कतारच्या वाळवंटातल्या एका भाड्याच्या हँगरात, कापडी पंखासमोर सुई घेऊन बसला की तो आवाज त्याला हमखास आठवायचा.

विमान दोन माणसांचं, लाकडाचं आणि कापडाचं, त्याच्या बापाच्या वयाचं. इंग्लंडमधल्या एका म्हाताऱ्याकडून घेतलं तेव्हा स्वस्त वाटलं होतं. मग खर्चाला पाय फुटले. पंखांचे सांगाडे कस्टमवाल्यांना फर्निचर वाटले, लाकडाला कीड नसल्याचा दाखला हवा झाला, आणि दाखला येईस्तोवर कंटेनरचं भाडं चढत राहिलं. उन्हाने जुना डिंक सुटला. नवा मागवला तर तो ज्वालाग्राही म्हणून विमानाने येऊ देईनात. कापड चढवणारा कारागीर बोलवायचा तर त्याचं तिकीट, त्याचं हॉटेल. शेवटी डग्लस व्हिडिओ बघून स्वतःच शिकला आणि बायकोला म्हणाला, "पलीकडे बसशील का गं?"

"माणसं शिवून झाली, आता विमान," लूर्द म्हणाली. ती हॉस्पिटलात नर्स.

विमान विकणाऱ्या त्या म्हाताऱ्यानेही फोनवर शेवटी एवढंच विचारलं होतं, पलीकडे बसायला कोणी आहे ना तुमच्याकडे?

पंख आडव्या कडेवर उभा करायचा. अलीकडच्याने हातभर सुई पंखातल्या लाकडी फासळीच्या एका अंगाने पार ढकलायची, पलीकडच्याने ती ओढून दुसऱ्या अंगाने परत द्यायची. मधे ताणलेलं कापड. समोरचं माणूस दिसत नाही, दिसतं ते सुईचं टोक.

शुक्रवारची देवळातली मिस्सा आटोपली की दोघं हँगरात यायची. डग्लस कापडाशी बोलल्यासारखा बोलायचा. ऑफिसातलं, शाळेतलं, कधी नुसतंच, "पाठ दुखली का गं?" पलीकडून हुंकार यायचा. कधी लूर्द गुणगुणायची:

"सुई गेली पार गं, दोरा मागं मागं
पलीकडच्या बाई गं, नाव तुझं सांग…"

"कुठलं गं हे गाणं?"

"असंच. सुचलं."

पुढे पुढे परत येणाऱ्या दोऱ्याला मेणाचा वास येऊ लागला. देवळातलं मेणबत्तीचं थोटूक आणत असेल, त्याला वाटलं. पंखाच्या त्याच्याच बाजूला पेन्सिलीच्या खुणा होत्या, पलीकडे नव्हत्या. तरी सुई नेमकी खुणेवर उगवायची.

पहिला पंख तपासायला आलेल्या म्हाताऱ्या इन्स्पेक्टरने टाक्यांवरून अंगठा फिरवला. "पलीकडचा हात कोणाचा?"

"बायकोचा."

"दोरा असा मेणवून ओढणारी माणसं मी शिकाऊ असताना विमानांच्या कारखान्यात होती," तो म्हणाला आणि सही करून गेला.

परतताना डग्लसने हे लूर्दला सांगितलं. अल रय्यानची वस्ती मागे पडेपर्यंत ती खिडकीबाहेर बघत राहिली. तिचे हात मांडीवर होते. त्याची बोटं सुईने चाळण झालेली. तिची नितळ.

"इथलं खलास झालं की वाडीत घर बांधू," ती एकदम म्हणाली. "विहिरीकडे तोंड करून."

डग्लसने गाडीचा एसी वाढवला. वसईची ती वाडी त्याने कधीच भावाला, मेल्विनला विकली होती. एक पंख म्हणजे वाडीचा अर्धा भाग. लूर्दला ठाऊक नव्हतं. घराचा विषय निघाला की त्याची मान ताटात जायची.

दुसऱ्या पंखाची शेवटची फासळी आली. दुपार होती. पंख्याची घरघर, डिंकाचा उग्र वास. हे शिवून झालं की मधे कापड राहणार नव्हतं. त्याने सुई पलीकडे ढकलली.

"लूर्द," तो कापडाला म्हणाला, "वाडी विकली मी. मेल्विनला. ह्या पंखांत गेली ती."

पलीकडे काही हललं नाही.

"तुझ्या घरासकट."

मग सुई आली. हळू, नेमकी खुणेवर. त्याने दोरा बोटांत धरला. डोळे भरून आले.

मागे दार वाजलं.

दारात लूर्द. दोन्ही हातांत करक चहाचे कागदी पेले.

"केवढी रांग होती," ती म्हणाली. मग तिचं लक्ष त्याच्या हातातल्या सुईकडे गेलं. तिने पेले सावकाश जमिनीवर ठेवले.

"तू बाहेर होतीस?"

"सांगून गेले की. तू मान हलवलीस."

उठून पंखाच्या पलीकडे बघायचं त्याने टाळलं. तीही तिकडे बघत नव्हती.

"डग्लस, पहिल्या दिवसापासून मी तिथे नुसतीच बसते रे. सुई माझ्या हातात कधी आलीच नाही. मी हात पुढे करायच्या आत परत जायची."

"मग बोलली का नाहीस?"

"तू बोलायला लागला होतास. घरी कुठे बोलतोस? वाटलं, सांगितलं तर थांबशील." तिने त्याच्याकडे पाहिलं. "आत्ता काय सांगत होतास?"

त्याचे कान तापले. इथे जाळी नव्हती, कापड नव्हतं, समोर तिचं तोंड होतं. त्या तोंडाकडे बघत त्याने सगळं सांगितलं. वाडी, मेल्विन, कागदावर केलेली सही, घरी येऊन तिच्या हातचं मुकाट जेवलेलं जेवण.

लूर्द खाली बसली.

दोरा अजून त्याच्या बोटांत होता. अलीकडचा गाठ मारेपर्यंत पलीकडच्याने धरून ठेवायचा असतो, तसा पलीकडून कोणीतरी तो ताणून धरला होता.