नवव्या पानाखालची सही

पहिली भेट झेरॉक्स मशीनपाशी झाली. मशीननं तिचा कागद गिळला होता आणि ती अगदी रडकुंडीला आली होती. मंत्री महिन्याभरात आर्थिक परिषदेला परदेशी जाणार, आणि त्यांच्या फाइलीतली बारा पानं हिच्याकडे! तेवढ्यात एकानं बाह्या सरसावल्या, झाकण उघडलं आणि चुरगळलेला कागद अलगद ओढून काढला.

"तुम्ही... आकडेशास्त्री ना?" सांख्यिकी विभागातल्या त्या काटेकोर माणसाला सगळं खातं याच नावानं ओळखायचं.

"हो. आजपासून मेकॅनिकही."

मग रोजच गाठ पडू लागली. ती टिपण लिहायची, तो आकडे तपासून पानाखाली सही करायचा. इतरांची पानं तीन-तीनदा वाचायचा. तिचं पान हातात आलं की मात्र नजर भलतीकडेच!

"आकडे पानावर आहेत हो, माझ्या कपाळावर नाहीत."

"बघतोय की..." म्हणत तो कानापर्यंत लाल व्हायचा. तिला ते आवडायचं, खोटं कशाला बोला.

मंत्र्यांबरोबर तोही जाणार होता. पहिलाच विमानप्रवास! त्याच्या आईचं सगळ्या नातेवाइकांना सांगून झालं होतं.

आणि सरावाच्या बैठकीत घात झाला. मोठ्या बाईंनी, म्हणजे सचिवांनी, नववं पान उचललं.

"निर्यातीचा आकडा गेल्या वर्षीचा! चारचौघांत मंत्र्यांचं हसं झालं असतं. सही कोणाची?"

सही त्याची होती. आकडा मात्र तिनं घातला होता, घाईघाईत जुन्या फाइलीतून जसाच्या तसा. नवा आकडा त्यानं चिठ्ठीवर लिहून दिला होता. ती चिठ्ठी तिच्याच ड्रॉवरमध्ये पडून होती.

त्यानं एकदा तिच्याकडे पाहिलं. "चूक माझी," म्हणाला. बाईंनी तिथल्या तिथे यादीतून त्याचं नाव खोडलं.

आणि ती? एरवी तोंडाची फटकळ, ऐन वेळी मूग गिळून बसली. नोकरी कच्ची, बोलले तर उचलबांगडी होईल, एवढंच डोक्यात. घरी ती ताटातला भात नुसता चिवडत बसली.

"काय गं, ताटाशी भांडण झालंय का?" बाबांनी विचारलं.

"स्वतःशीच झालंय," ती पुटपुटली आणि उठली. शी! आरशात बघायचीही तिला लाज वाटली.

सकाळी तिनं चिठ्ठी नेऊन बाईंच्या टेबलावर ठेवली आणि सगळं सांगून टाकलं.

"काल का नाही बोललीस?"

"घाबरले, बाई."

दुपारी त्याचं नाव यादीत परत आलं आणि तिची रवानगी तळघरातल्या जुन्या फाइलींमध्ये झाली. तिला त्याचं काही वाटलं नाही. फक्त त्यानं इकडे फिरकू नये, तोंड दाखवायची सोय उरली नव्हती.

तो आलाच.

"माफ करा," ती कपाटाकडे बघत म्हणाली. "तुम्ही बोलणी खात होतात आणि मी... गप्प बसले."

"आणि मी न वाचता सही केली, त्याचं काय? बाईंना कारण तरी काय सांगणार होतो? कागद सोडून तुमच्याकडे बघत होतो, म्हणून?" तोही ओशाळला होता. मग त्यानं खिशातून एक कागद काढून पुढे केला.

'परत आल्यावर आईला घेऊन तुमच्या घरी येऊ का?'

"नीट वाचा हं," तो म्हणाला. "घाईत सही नको."

तिनं वाचलं. पुन्हा वाचलं. तिसऱ्यांदा अक्षरं पुसट दिसायला लागली, म्हणून तिनं डोळे पुसले... आणि पानाखाली, एरवी त्याची सही असायची त्या जागी, सही केली.