आबेलचा पोंचो

काम साधंच होतं. वरच्या कोंडवाड्यात एक पोरकं वासरू होतं. त्याला बाटलीनं दूध पाजायचं, शेजारच्या झोपडीत झोपायचं आणि सकाळी त्याला घेऊन खाली यायचं. बस्स.

सतरा सप्टेंबर, गुरुवारची रात्र. दुसऱ्या दिवशी देशाचा सण, म्हणून बाकीचे गडी दुपारीच ट्रकमध्ये कोंबून कोयाइके शहरात नाचायला आणि प्यायला गेले होते. कुरणावर उरले चौघं: मालक लिसांद्रो, म्हातारा गुराखी ओनोफ्रे, आणि या हंगामापुरती आलेली दोन पोरं, नाचो आणि यास्ना.

यास्ना बावीस वर्षांची. कॉलेज अर्ध्यावर सोडलेलं, आईशी दोन वर्षं बोलणं नाही. गायी व्यायच्या दिवसांत हात कमी पडतात, तेव्हा मालक फार चौकशा करत नाही. त्या दुपारीच तिनं मालकाच्या जोडीनं एक मेलेलं वासरू सोललं होतं. ते कातडं खालच्याच दुसऱ्या एका पोरक्या वासराच्या अंगावर घातलं आणि पोटाखालून सुतळीच्या दोन गाठी मारल्या. मेलेल्या वासराची आई आली. शेपटीपासून मानेपर्यंत हुंगत गेली. आणि तिनं पान्हा सोडला.

"गाय बघत नाही, हुंगते," मालक हात धूत म्हणाला होता. "ती गप्प झाली की सगळ्यांना झोप लागते."

आता रात्री नऊच्या सुमाराला, खालच्या घरात, त्यानं खुंटीवरचा काळा, जाड लोकरीचा पोंचो, मधल्या भोकातून डोकं घालायची ती घोंगडी, काढून यास्नाच्या खांद्यावर टाकला. "वर थंडी मरणाची असते. हा घाल. रात्री काढू नकोस." मग आतल्या खोलीत गेला, दार ओढून घेतलं, रेडिओ लावला.

"बाप रे," नाचो माटेच्या कडू चहाची नळी चोखत म्हणाला, "मालकाचा जीव जडला की तुझ्यावर. मला महिनाभरात हातमोजेसुद्धा दिले नाहीत."

"तू सगळं काम तोंडानं करतोस. तुला हातमोजे कशाला?"

ओनोफ्रे हसला नाही. तो पोंचोकडे बघत होता. "पोरी, तो काढून बाकावर ठेव. एक माटे घे. वारा जरा पडू दे."

"का काका? उवा आहेत?"

म्हाताऱ्यानं चुलीत लाकूड सारलं. माटेच्या तुंब्यात गरम पाणी ओतून तो तिच्या हातात दिला.

"हे मला सेगुंदोनं सांगितलं. गेल्या सालचा गडी. याच बाकावर बसून सांगितलं. रचून बोलण्याइतकी अक्कल त्या बापड्याकडे नव्हती, म्हणून मी खरं मानतो." त्यानं आतल्या दाराकडे बघितलं आणि आवाज खाली आणला. "पोंचो आबेलचा. मालकाचा एकुलता एक. तीन सालांमागे वर एक पहिलारू गाय अडली होती. बाहेर बर्फ. मालक म्हणाला, जा. पोरगा गेला. गाय मेली, पण वासरू जगलं. आबेलनं अंगातला पोंचो काढून त्याला गुंडाळलं होतं. सकाळी वासरू पायावर उभं होतं. आबेल दहा पावलांवर बसलेला… बसलेलाच."

"आणि आबेलची आई?" यास्नानं विचारलं.

"एदुविनाबाई रोज संध्याकाळी वर जायची. हाका मारायची. पुढल्या हंगामात एकदा गेली, ती परत आली नाही. नदी धुंडाळली, दरी धुंडाळली. काही नाही. पण गायी व्यायला लागल्या की वरून आवाज यायचा. वासरू मेलेली गाय हंबरते ना, तसा. रात्रभर. मालकाला डोळ्याला डोळा लागेना. मग गेल्या साली त्यानं सेगुंदोला हा पोंचो दिला आणि वर पाठवलं."

नाचो काहीतरी चेष्टा करायला तोंड उघडून बसला होता. त्यानं ते मिटलं.

"रात्री सेगुंदो झोपडीत कुशीवर पडला होता. दार उघडल्याचा आवाज नाही. पण आत कुणीतरी होतं. मागं. कमरेपाशी हुंगलं. मग पाठीवर. मग मानेवर… सावकाश. मग एक मोठा श्वास सोडला. आणि गाय वासराला चाटताना घशातल्या घशात जे करते…"

चुलीत लाकूड फुटलं.

"सकाळी खाली आला तो. म्हणाला, भीती नाही वाटली काका. अनाथाश्रमात वाढलेलं पोर. म्हणाला, मला असं आजवर कुणी…" म्हातारा थांबला. "दुसऱ्या रात्री त्याला कुणी पाठवलं नाही. आपणहून गेला. पोंचो कुंपणावर सापडला. बूट दारात. बाकी…"

यास्नानं पुढं केलेला तुंबा त्यानं हातानं मागं सारला. "आभारी," म्हणाला. माटे नको झाला की म्हणतात तसं.

"आणि तो आवाज?"

"बंद पडला. अख्खा हंगाम. या सालीही नव्हता… परवापर्यंत."

यास्ना हातातल्या तुंब्याकडे बघत राहिली. तिला दुपारचं कातडं आठवलं. सुतळीच्या दोन गाठी आठवल्या. एका वासरासाठी वर झोपायचं कशाला? ते खोगिरावर आडवं टाकून आत्ताही आणता आलं असतं.

ती उठली आणि आतल्या दारावर मूठ आपटली. "मालक! मला मेलेल्याचं कातडं घालून कुणाच्या पुढ्यात ढकलताय?"

आत रेडिओ मोठा झाला.

ती ओनोफ्रेकडे वळली. "आणि काका तुम्ही? सेगुंदो दुसऱ्यांदा निघाला तेव्हा तुम्ही इथंच होतात ना? याच चुलीपाशी?"

म्हाताऱ्यानं चुलीतली राख सारली. आयुष्यभर मालकापुढं मान खाली घालायची आणि त्याला शहाणपण म्हणायचं, एवढंच त्याला येत होतं. पोरींना गोष्टी सांगायला मात्र गळा साफ.

"जाऊ नकोस," नाचो म्हणाला.

"वासरानं सकाळपासून थेंब घेतलेला नाही. ते काय गोष्ट ऐकून जगणार आहे? आत्ताच त्याला घेऊन खाली येते."

पोंचो तिनं घातला नाही. दरीत फेकून द्यायचा म्हणून खोगिरामागं बांधला. दुधाची बाटली खोगिराच्या पिशवीत टाकली.

चढ नेहमीचाच होता. वारा पडला होता. कोंडवाड्याशी उतरून तिनं आधी पोंचो सोडवला. तेवढ्यात घोड्यानं कान मागं टाकले. लगाम हिसकला आणि उतारानं सुटला. बाटलीसकट.

मग शांत झालं.

वासरू कोपऱ्यात थरथरत होतं. त्याला उचलून अंधारात तो उतार उतरणं शक्य नव्हतं.

तेव्हा वरून आवाज आला. लांबून. गाय नव्हे. बाईही नव्हे.

पुन्हा आला. जवळून.

यास्नाच्या हातात पोंचो होता. तिनं फार विचार केला नाही. वासराच्या अंगावर तो टाकला आणि पोटाखालून त्याची टोकं ओढून दोन गाठी मारल्या, दुपारी मारल्या होत्या तशाच. मालकानं जे केलं तेच आपण करतोय, हे तिला कळलं. हात थांबले नाहीत.

ती झोपडीत शिरली. अडसर लावला.

पावलं नव्हती.

दाराच्या फटीशी कुणीतरी हुंगलं. एकदा. खालपासून वरपर्यंत…

यास्नानं श्वास धरला. आपल्याला आईची हाक ऐकू येतेय असं तिला वाटलं. स्वतःच्या आईची. अगदी नावानिशी. दार उघडावंसं वाटलं. हात अडसरावर गेलाही…

बाहेर वासरू ओरडलं.

हुंगणं थांबलं.

मग पलीकडे, कोंडवाड्यात, घशातल्या घशातला तो आवाज. आणि चाटण्याचा. खरखरीत, सावकाश, न थांबता.

उजाडेपर्यंत.

सकाळी मालक स्वतः वर आला. तिचा घोडा त्यानं वाटेत धरून आणला होता. पिशवीतली बाटली काठोकाठ भरलेली, दूध गोठलेलं. यास्ना झोपडीच्या दारात उभी होती. तो तिच्याकडे बघतच राहिला. ती तिथं असेल असं त्याला वाटलं नव्हतं.

"काय मालक," ती म्हणाली, "लागली का झोप?"

तो तिच्यावरून पुढं झाला. कोंडवाड्यात गेला.

वासरू चार पायांवर ताठ उभं होतं. पोट टम्म. अंगावरचा पोंचो ओलसर, त्याची लोकर एका दिशेनं चाटून बसवलेली, लाटेसारखी. आणि तोंडाभोवती पिवळा, दाट चीक लागलेला, नुकत्या व्यालेल्या आईला असतो तो. वरच्या रानात गाय एकही नव्हती.

लिसांद्रो गुडघ्यावर बसला. त्यानं वासराच्या ओठाला बोट लावलं.

चीक अजून कोमट होता.