हात द्या जी

भुतांच्या गोष्टी रात्रीच्या असतात असं म्हणतात. ही दुपारची आहे. मे महिन्यातल्या, रस्त्यावर कुत्रंसुद्धा दिसत नाही अशा दुपारची.

आणि ती खरी आहे. जिच्यावर बेतली ती डिंपल माझी सख्खी मावसबहीण. ती अजून गोंदियालाच, कुडव्यात राहते, म्हणून जिमचं नाव मी लिहीत नाही. बाकी तिनं जसं सांगितलं तसंच लिहिते आहे. पदरचं काही नाही.

डिंपल ही ओमेशची दुसरी बायको. पहिली रुख्मा. ती शेतातल्या विहिरीत पाय घसरून गेली, एवढंच लग्न जमवताना सांगितलं होतं. आमच्याकडच्यांनीही जास्त खोदून विचारलं नाही. मुलाचं कृषी केंद्र, आमगावच्या रस्त्याला धानाची शेती, कुडव्यात स्वतःचं घर. अशा ठिकाणी कोण कशाला विचारतं?

मुलगी झाल्यावर डिंपलचा उजवा खांदा धरला. पोरीची वेणी घालायला हात वर जाईना. डॉक्टर म्हणाले, गोळ्या किती दिवस खाणार? खांद्यात ताकद आणा. जिमला जा.

सासूबाई निर्मलाबाईंनी लगेच नाक मुरडलं. "बाईच्या जातीनं दंड फुगवून का करावं? कुस्ती खेळाची हाय का?"

ओमेश म्हणाला, "जाऊ दे माय, डॉक्टरनं सांगतलं ना. पन दुपारच्यालेच जाय. तवा माणसं राहत नाहीत."

अशी डिंपल बायकांच्या दुपारच्या बॅचला जायला लागली.

शिकवायला आचल नावाची मुलगी होती. कॉलेजात असताना वेटलिफ्टिंग खेळलेली, बोलायला तिखट, हिंदी-मराठीची खिचडी करणारी. बाकीच्या बायका पोट कमी करायला यायच्या आणि ट्रेडमिलवर चालत गप्पा मारायच्या. आचलनं डिंपलला मात्र लोखंडाकडे नेलं.

"ताई, बाईचे पाय मजबूतच राहतात. सगळा कामधंदा पायावरच असतो आपला. दंडात जोर यायला टाइम लागतो. पण येतो. बस, छोडो मत."

आधी रिकामी दांडी. मग हलके डंबेल. मग वरून खाली ओढायचं ते लॅट पुलडाऊनचं मशीन. रोज हात थरथरायचे, रात्री कूस बदलता यायची नाही.

पण खांदा सुटला. पोरीची वेणी घालता आली. एक दिवस गॅसचं भरलेलं सिलेंडर तिनं एकटीनं उचलून ओट्याखाली सरकवलं, आणि कोणी बघितलं का म्हणून मागे वळून पाहिलं. स्वयंपाकघरात कोणीच नव्हतं.

ती मला फोनवर म्हणाली होती, "अगं, हे हात माझेच आहेत हे मला आत्ता कळलं."

तेवढाच काय तो तिच्या सुखाचा काळ.

मग एका दुपारी लाइट गेली…

कूलर थांबला, पंखे थांबले. इतर बायका घाम पुसत घरी गेल्या. आचल पुढच्या खोलीत फोनवर बोलत होती. डिंपल लॅट पुलडाऊनवर बसलेली. तिनं दांडी छातीकडे ओढली.

करर्र…

सोडली.

करर्र…

तो मशीनच्या तारेचा आवाज नव्हता. डिंपल आमगावकडच्या खेड्यात वाढलेली. ओला दोर रहाटावरून सरकतो तेव्हा कसा आवाज येतो, हे तिला कोणी सांगायची गरज नव्हती.

तिनं हात काढून घेतले. दांडी वर गेली आणि थांबली.

आणि आवाज… तसाच चालू राहिला.

करर्र… करर्र…

तळव्याला गार लागलं म्हणून तिनं बघितलं. हात ओले होते. तिनं हात नाकाशी नेला. घामाचा वास नव्हता. शेवाळाचा होता. बाहेर ऊन असं की डांबर विरघळत होतं, आणि तिच्या तळहातांना विहिरीचा वास.

तिनं हाक मारली. आचल आली, मशीन हलवून बघितलं. "कुछ नही ताई. कालच ऑइल टाकलं."

डिंपलनं ते मनावर घेतलं नाही. उन्हाचं असेल म्हणून सोडून दिलं.

पुढच्या आठवड्यात आचलनं तिला वरच्या दांडीला लटकायला सांगितलं. पुल-अप मारायच्या आधी नुसतं लटकायचं असतं. हातांची पकड बसते, खांदे उघडतात. डिंपल स्टुलावर चढली, दांडी धरली, पाय सोडले.

एक श्वास. दोन श्वास.

आणि खालून कोणीतरी तिचा पाय धरला.

ओढला नाही. धरला. बुडणारं माणूस हाताला येईल ते धरतं, तसा.

मग दुसरा पाय…

पूर्ण एका बाईचं वजन तिच्या घोट्यांना लटकलं. खांदे उपटून येतील असं झालं. खाली बघायची हिंमत नव्हती. आणि मग पायांशी, अगदी बारीक, दम लागलेला आवाज…

"हात द्या जी…"

डिंपलची पकड सुटली. ती खाली रबरी चटईवर आदळली. आजूबाजूला कोणी नव्हतं. आचल समोरून धावत आली. तिला काही ऐकू आलं नव्हतं. पण तिनं डिंपलची लेगिंग वर सरकवली.

दोन्ही घोट्यांवर बोटांचे लाल वळ होते.

घरी येऊन डिंपल पलंगावर पाय वर घेऊन बसली. निर्मलाबाई चहा घेऊन आल्या. त्यांची नजर पायांवर गेली. उजव्या घोट्यावर पाच बोटं. डाव्यावर चारच. करंगळीच्या जागी काही नाही.

कपबशी हातातून सुटली.

"आई, काय झालं?"

"उद्यापासून जिम बंद," त्या म्हणाल्या. पायांकडे परत बघितलं नाही. "बंद म्हंजे बंद."

"पण कायले बंद?"

"मी सांगतो म्हून!" असं म्हणून निर्मलाबाई देवघरात जाऊन बसल्या, आणि फुटलेल्या काचा डिंपलनंच उचलल्या.

रात्री तिनं ओमेशला विचारलं. सरळच विचारलं. "रुख्माच्या डाव्या हाताला करंगळी नव्हती का?"

ओमेश जेवत होता. त्याचा घास तोंडाशी थांबला.

"कोणं सांगतलं?"

"कोणी नाही."

"मंग काऊन विचारून राहिली?" ताट सरकवून तो उठला. हात न धुताच बाहेर गेला.

दोन दिवसांनी माहेरी जाते सांगून डिंपल निघाली ती आईकडे न जाता रुख्माच्या माहेरी गेली. तिथं रुख्माचा भाऊ देवानंद असतो. दारात बहिणीची सवत बघून त्याला काय वाटलं असेल कोण जाणे, पण त्यानं खाट टाकली, पाणी दिलं.

डिंपलनं करंगळीचं विचारलं.

"चारा कापाच्या कुट्टीच्या मशीनमंधी गेली होती," देवानंद म्हणाला. "लहान होती तवा. तुमाले कसं माहीत?"

डिंपलनं पायांवरचे वळ दाखवले. पिवळे पडले होते, पण मोजता येत होते. देवानंदनं खाली बसून एकेक वळ मोजला. मग बोलायला लागला.

"धानाच्या रोवण्याचे दिवस होते. इहीर भरून होती, पाणी हातभर खाली. पाय घसरला म्हणते, घसरला असंल. पन बाई, तिनं बालटीचा दोर धरला होता. मी मयत पाहिली. तळहाताची चामडी निंगून गेली होती. तिच्यानं वर चढनं झालं नाही. एक हात पायजे होता फक्त. एक."

"आणि हे?" डिंपलनं विचारलं. ओमेशचं नाव तिच्या तोंडून निघालं नाही.

"ते तिथंच होते. पाण्याच्या मोटारीपाशी होतो, आइकू आलं नाही म्हणते. बाजूच्या धानाच्या बांधीत रोवण्याच्या बाया होत्या. त्याइले आइकू आलं. 'हात द्या जी, हात द्या जी' म्हणून राहिली होती म्हणे, किती तरी वेळ. त्याइले वाटलं नवरा हाय ना तिथं. मंग पोलीस आले तवा एकीलेही काही आठवे ना. तिले लेकरू होत नव्हतं. तुमचं लग्न तिच्या बरसीच्या आधीच झालं, सालही भरलं नव्हतं."

डिंपल परतीच्या गाडीत रडली नाही. ती मला म्हणाली, "मला त्या रोवणीच्या बायांचा राग आला. मग वाटलं, मी काय वेगळं करते आहे? मीही ऐकलं आणि जिम सोडायला निघाले."

दुसऱ्या दुपारी ती जिमला जायला निघाली. निर्मलाबाईंनी दार अडवलं होतं. तिनं त्यांना दंडाला धरून बाजूला केलं. पहिल्यांदाच.

जिममध्ये तीच दांडी. आचलनं आधाराचा रबरी पट्टा आणला, तर ही नको म्हणाली. तोपर्यंत एकही पुल-अप तिला जमला नव्हता.

ती लटकली.

काही नाही…

कूलरचा आवाज. रस्त्यावरून गेलेली एक मोटारसायकल.

मग कूलर थांबला. लाइट गेली.

शेवाळाचा वास आला.

आणि पायांना वजन आलं…

या वेळी डिंपलनं पकड सोडली नाही. दात दाबले. कोपर वाकायला लागले. खांद्यांच्या मधे आग लागली. खालचं वजन घोट्यांवरून पोटऱ्यांवर आलं, पोटऱ्यांवरून कमरेवर. कोणीतरी तिच्या अंगाला धरून धरून वर चढत होतं. ओले केस तिच्या मानेला लागले. कानाशी धाप…

डिंपलची हनुवटी दांडीच्या वर गेली.

क्षणभर सगळं थांबलं.

मग अंग एकदम हलकं झालं. ती खाली उतरली. हातांचं कातडं फुटून रक्त आलं होतं. तिला भीती वाटली नाही, उलट रडू आलं, एखादीचं बाळंतपण करून मोकळं झाल्यासारखं.

समोर आचल भिंतीला टेकून उभी होती. त्या दिवशी ती घरी गेली ती परत कामावर आलीच नाही. मी तिला नंतर फोन केला होता. ती एवढंच म्हणाली, "दीदी, दांडीवर चार हात होते. मी पाहिले." आणि फोन ठेवला.

मला वाटलं होतं, सुटली बिचारी. विहिरीतून वर आली, आता जाईल आपल्या वाटेनं.

पण त्याच संध्याकाळी ओमेश दुकान बंद करायला उठला. शटर ओढायला हात वर केले…

हात वर गेलेच नाहीत.

दोन्ही. खांद्यापासून खाली दोरीसारखे लोंबत राहिले. गोंदियात दाखवलं, नागपूरला दाखवलं, सगळे फोटो काढले. नस चांगली, हाड चांगलं, मेंदू चांगला. डॉक्टर म्हणतात, काही दोष सापडत नाही. निर्मलाबाईंनी आधी गंडेदोरे केले, मग मुलीकडे राहायला निघून गेल्या. त्या अजून आलेल्या नाहीत.

राहिली डिंपल. तिनं माहेरी येते म्हटलं तर मावशीच म्हणाली, "नवरा असा पडून असताना सोडून येतेस? लोक काय म्हणतील?" देवानंदनं सांगितलेलं तिनं सगळ्यांच्या कानावर घातलं. जुनं कशाला उकरतेस, म्हणाले सगळे.

तेव्हा आता त्याला न्हाऊ घालणं, उठवणं, बसवणं, खाटेवरून खुर्चीत उचलून ठेवणं, सगळं तीच करते. शेजारपाजार कौतुक करतात. बाईच्या हातात जोर आहे म्हणून निभतं, म्हणतात. स्वतःसाठी कमावलेला जोर असा त्याच्या कामी लागला.

दिवाळीत मी भेटायला गेले होते. दुपारच होती. डिंपल त्याला भरवत होती. वरण-भाताचा घास तिनं पुढे केला, तसं ओमेशनं तोंड फिरवलं.

"हात पूस आधी," तो म्हणाला.

डिंपलनं मला तिचा हात दाखवला. कोरडा होता.

"रोज असंच म्हणतात," ती म्हणाली. तिनं पदराला हात पुसला, पुन्हा घास पुढे केला. ओमेश त्या हाताकडे बघत राहिला. मग त्यानं डोळे मिटून तोंड उघडलं.

डिंपल उठली आणि माझ्यासाठी पाण्याचा पेला घेऊन आली. मी हातात घेतला. तोंडाशी नेला, तर शेवाळाचा वास आला.

मग न पिता खाली ठेवला.