मानेवरची चौकट

मच्छिंद्र तुपेंनी नवा कॅमेरा घेतला तो नाइलाजाने. पेपरमधल्या सगळ्या फोटोग्राफरांच्या हातात मिररलेस, म्हणजे आत आरसा नसलेले नवे कॅमेरे आले होते आणि त्यांचा जुना कॅमेरा दुरुस्तीच्या पलीकडे गेला होता. उभी हयात त्यांनी पुण्याच्या मैदानांवर काढली होती. रोलच्या काळात फोटो जपून काढावे लागत, म्हणून कबड्डीला ते डोळ्यांपेक्षा कानांवर भिस्त ठेवत. चढाई करणारीचा दम संपत आला की 'कबड्डी'तला 'ड' बुजायला लागतो. बटण तेव्हाच दाबायचं. पकड दिसल्यावर दाबलं, तर ती होऊन गेलेली असते.

नव्या कॅमेऱ्याला यातलं काहीच लागत नव्हतं. तो माणसाचा डोळा स्वतःच हुडकायचा, त्यावर बारीक हिरवी चौकट धरायचा आणि डोळा हलला की तीही सोबत हलवायचा. तुपेंना पहिल्यांदा जरा अपमानच वाटला. नेमही यानेच धरायचा, तर आपण मैदानावर जायचं कशाला?

जानेवारीत हडपसरला मुलींच्या स्पर्धा होत्या. त्यांची मुलगी ऋतुजा मुक्ताई संघातून खेळायची, म्हणून तुपे त्या संघाच्या बाजूला बसले. समोरच, मॅटच्या कडेला, त्यांच्याकडे पाठ करून प्रशिक्षक रंगराव उभे होते. ऋतुजा चढाईला गेली. चौकट तिच्या डोळ्यावर नीट बसली होती, आणि ऐन पकडीच्या वेळी ती उडाली ती थेट रंगरावांच्या मानेवर. कॉलरच्या वर, बारीक कापलेल्या केसांत. आणि तिथेच राहिली.

घरी त्यांनी तो फोटो मोठा करून पाहिला. ऋतुजा धूसर होती. मान मात्र इतकी स्वच्छ आली होती की केसन्‌केस वेगळा दिसत होता. ना तीळ, ना व्रण, ना गोंदण.

दुरुस्तीवाल्याने कॅमेरा तपासून परत दिला. यात बिघाड काही नाही, हा कधीकधी शर्टाच्या बटणालाही डोळा समजतो, असं म्हणाला. तुपेंना ते पटलं, म्हणजे त्यांनी पटवून घेतलं. पुढच्या सामन्याला मात्र ते पंचांच्या, खेळाडूंच्या, खुर्च्यांवर बसलेल्या लोकांच्या माना टिपत फिरले. चौकट कुठेच बसली नाही. रंगरावांवर कॅमेरा धरला, की बसायची.

बुद्धभूषण दुसऱ्या पेपरचा फोटोग्राफर. त्याचा कॅमेरा वेगळ्या कंपनीचा. तुपेंनी त्याला कारण न सांगता रंगरावांकडे लेन्स धरायला सांगितली. त्याने धरली. कॅमेरा खाली घेऊन नुसत्या डोळ्यांनी त्या मानेकडे पाहिलं. मग लेन्सला झाकण लावलं.

"दादा, आपण पलीकडे बसू," तो म्हणाला, आणि तुपेंची वाट न बघता उठून गेलासुद्धा.

रंगराव सरांना मागचंही दिसतं, असं पालक कौतुकाने म्हणत. सरावात मागे कुणा मुलीच्या बुटाची नाडी सुटली, तरी वळून न बघता ते तिचं नाव घेत. तुपेंनीही हे चारचौघांत हसून सांगितलं होतं. आता त्यांना दुसरंच काही आठवायला लागलं. त्या मुली सरांच्या पाठीमागे कधी खिदळत नसत. एकमेकींना खुणा करत नसत. ऋतुजाही अलीकडे घरात कमी बोलायची. राज्याच्या संघात निवड होण्याचं दडपण असेल, असं तिची आई रुपाली म्हणत होती.

त्यांनी ऋतुजाला आडून विचारलं. ती पोळीचा तुकडा मोडत राहिली.

"सरांच्या मागे बसू नका, बाबा."

"का गं?"

"समोर बसलं की त्यांना चालतं."

तुपेंनी मनाशी ठरवलं, पोरीला इथून काढायचं. निवड गेली तर गेली. हे त्यांनी रुपालीलाही सांगितलं नाही.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ते सरावाला गेले आणि मुद्दाम रंगरावांच्या मागे उभे राहिले. ऊन उतरलं होतं. मॅटवर मुलींच्या पायांचे आवाज येत होते. त्यांनी कॅमेरा डोळ्याला लावला. चौकट मानेवर बसली.

ते दोन पावलं डावीकडे सरकले.

चौकटही केसांतून डावीकडे सरकली. रंगराव जागचे हलले नव्हते.

तुपेंनी कॅमेरा डोळ्यावरून काढला नाही.

पलीकडून ऋतुजा त्यांच्याकडे बघत होती. त्यांनी काही न बोलता, रंगरावांच्या पाठीआडून, तिला बॅग उचलायची खूण केली.

चौकट नाहीशी झाली, आणि लगेच परत आली. खेळाडूची पापणी लवली की तसंच होतं.

"आजच नेताय का तिला?" रंगरावांनी विचारलं. आवाज शांत होता. ते वळले नाहीत.

तुपेंनी कॅमेरा खाली घेतला.

"न्या," रंगराव म्हणाले. "तिचं झालंय शिकून."

ऋतुजा बॅग घेऊन आली. तिने का म्हणून विचारलं नाही, की रडली नाही. ती गाडीवर मागे बसली. तुपेंनी रुपालीला एवढंच सांगितलं की संघ बदलायचा आहे. रुपालीने त्यांच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि ताटं घेतली. मुलगी घरी आली, हेच तुपेंना खूप होतं. त्या रात्री ते पोटभर जेवले.

रविवारी सकाळी रुपाली ऋतुजाला पुढ्यात घेऊन डोक्याला तेल लावत होती. तुपे शेजारी पेपर वाचत बसले होते. तिने वेणी सोडली, केस वर धरले आणि तेलाचा हात मानेकडे नेला. ऋतुजा एकदम दचकून पुढे सरकली.

"तिथं नको, आई. झोंबतं."

"खरचटलंय का?" रुपालीने केस बाजूला करून नीट पाहिलं. "काही नाहीये की इथं. मान नुसती ओली झालीय."

तिने ओढणीच्या टोकाने मान टिपली. बोलता बोलता पुन्हा टिपली. पाणी यायचं थांबत नव्हतं.