धुरकऱ्याची हाक

सुखवंताबाई डबा घेऊन निघाल्या तेव्हा ऊन नुकतंच चढत होतं. डब्यात भात आणि लाखोरीची डाळ. सालेकशाच्या रस्त्यावर मोटारींच्या शर्यतीचा नवा ट्रॅक झाला होता, तिथे राष्ट्रीय स्पर्धेची शेवटची शर्यत होती. सकाळी एक फेरी आणि दुपारी निकालाची दुसरी. त्यांचा एकुलता एक लोकेंद्र गाडी पळवणार होता. गाव नुसतं फुशारक्या मारत होतं. बाईंचं पाऊल मात्र जड होतं.

जागा त्यांच्या ओळखीची होती. डांबर पडण्याआधी इथे बैलजोड्यांच्या शर्यतीचा शंकरपट भरायचा. त्यांचे यजमान हुकुमचंद पटात छकडा हाकणारे नावाजलेले धुरकरी; त्यांच्या हाकेसरशी बैलजोडी वाऱ्यावर स्वार व्हायची. याच सरळ पट्टीवर, निशाणाच्या जरा अलीकडे, ते छकड्यावरून पडले आणि चाकाखाली गेले. जोडी पोचली, धुरकरी पोचलाच नाही. लोकेंद्र तेव्हा पोटात होता. त्या बैलांची नावं पुढे घरात कुणी काढली नाहीत. बाईंनी काढूच दिली नाहीत.

सकाळची फेरी सुरू झाली. इंजिनांनी कानठळ्या बसत होत्या. लोकेंद्र सगळ्यांच्या पुढे, अगदी एकटा. सरळ पट्टीवर त्याची गाडी आली की तिच्या बाजूने, कोरड्या गवतावरून, धुळीचा एक लोट धावायचा. जळक्या रबराच्या वासात घामेजलेल्या बैलांचा वास मिसळला. बाईंनी शेजारच्या वीरेंद्रची बाही ओढली.

"वीरेंद्र... घुंगरं वाजून राहिले का रे?"

गाडीचा मिस्त्री वीरेंद्र कानावरचं यंत्र बडवत होता. "काकू, इथं आपलाच आवाज आपल्याले आयकू नाही येत, घुंगरं कोठचे? लोकेंद्रचा रेडिओ बी पयल्याच चकरेत बंद पडला."

पुढच्या खेपेला तो लोट जिथे हुकुमचंद पडले होते तिथपर्यंत आला आणि विरला.

सकाळची फेरी लोकेंद्र जिंकला. टाळ्या, शिट्ट्या, एकच गलका. तो गाडीतून उतरला तेव्हा त्याचे डोळे ताणलेले होते आणि नाकपुड्या फुललेल्या. हात सारखा पाठीकडे जात होता.

"माय... रेडिओवर कोन होता वं?"

"काऊन रे?"

"सारखा हाकलून राहिला होता मले. 'पोचव रे पाखऱ्या... आता तरी पोचव...' पाखऱ्या कोन?"

पाखऱ्या म्हणजे हुकुमचंदांच्या जोडीतला उजवीकडचा बैल. बाईंनी लेकाला पाठमोरं केलं. जाड सूटच्या पाठीवर बारीक भोकं पडली होती, बैल हाकायच्या तुतारीची आर टोचल्यासारखी, आणि त्यांतून रक्त आलं होतं. पाठ तर शर्यतभर सीटला पट्ट्यांनी जखडलेली होती!

"दुपारी नोको जाऊ बाप्पा. माह्यं आयक. तुह्या बापाले पोचाचं आहे, पन तू..."

दुपार होईतो त्या हेच विनवत राहिल्या. मग दुसऱ्या फेरीचा भोंगा वाजला. लोकेंद्र गाडीकडे चालू लागला.

"लोकेंद्र!"

तो वळला नाही. वीरेंद्रने हाक मारली, गावकऱ्यांनी मारली. तो चालतच राहिला. जसं काही ते नाव दुसऱ्याच कुणाचं होतं.

बाई धावत मागे गेल्या. धाप लागली होती. इतक्या वर्षांत जे तोंडातून काढलं नव्हतं, ते त्यांनी कसंबसं उच्चारलं.

"पाखऱ्या..."

लोकेंद्र जागच्या जागी थांबला. सावकाश वळून त्यांच्यापुढे आला आणि जुवाखाली बैल वाकवतो तशी मान खाली घालून उभा राहिला.