सयाजीमामाचा घास

“ठिवून घ्या बाई, माझं काय म्हननं न्हाय. पर त्येला उपाशी ठिवू नगा. आन् त्येच्या नावाचा घास दुसऱ्या कुनाच्या तोंडात घालू नगा,” झुंबरबाई उंबऱ्याबाहेर उभी राहून म्हणाली होती.

लीला हसली होती. कॉलेजात तर्कशास्त्र शिकून बी. ए. झालेल्या बाईनं आणखी काय करायचं?

“आजीबाई, पितळेचा बिल्ला आहे तो. बिल्ले जेवत नाहीत.”

“बिल्ला सरकारचा. आत माझा सयाजी हाय की.”

बिद्रीजवळच्या वाडीतला सयाजी मिसरूड फुटायच्या आत पलटणीत गेला आणि ब्रह्मदेशाच्या जंगलात, वेढ्यात सापडून, अन्नावाचून मेला. मागं आला तो हा ताऱ्याच्या आकाराचा लढाईचा बिल्ला. घरातलं माणूस गेलं की त्याचा चांदीचा टाक करून देव्हाऱ्यात बसवायची त्यांची रीत. म्हातारीनं टाकाऐवजी बिल्लाच बसवला; हळदकुंकू वाहिलं, रोज निवद दाखवला. धाकट्या केरबानं मात्र आई जत्रेला गेलेली बघून भाऊ एका मनगटी घड्याळावर बदलून टाकला. घड्याळही धड चालत नव्हतं.

बदलून घेणारे म्हणजे लीलाचे यजमान, त्र्यंबक. कॉलेजात इतिहास शिकवायचे. बंदूक सोडाच, विळीसुद्धा कधी हाती धरली नव्हती. पण मंगळवार पेठेतल्या घरात, माजघराच्या भिंतीवर, काचेच्या चौकटीत मखमलीवर दुसऱ्यांची शौर्यं टांगून ठेवली होती. इंग्रज जाऊन पाच वर्षं झाली, तरी बिल्ल्यांवरचा त्याचा मुकुट इथं रोज पुसला जात होता.

“त्यावरची हळद पुसू नकोस,” ते म्हणाले. “तिनंच किंमत वाढते.”

कुंदा तेव्हा अडीच वर्षांची. जेवायचा महाकंटाळा. चिऊचा घास झाला, काऊचा झाला, मनीमाऊचा झाला, तरी भात आपला गालातच. लीलाला तेवढी एकच धास्ती. झोपलेल्या मुलीच्या बरगड्या ती बोटांनी चाचपून बघायची. एका दुपारी वैतागून तिनं भिंतीकडे मान वळवली आणि म्हातारीची नक्कल केली, “घ्या! ह्यो घास सयाजीमामाचा. त्यो उपाशी हाय की!”

कुंदानं आ केला. गिळला. पुन्हा आ केला.

ताट स्वच्छ झालं. लीलानं मनातल्या मनात म्हातारीचे आभार मानले, तेही नाक मुरडूनच.

मग रोज तेच नाव. आधी अर्धी भाकरी, मग सबंध, मग त्र्यंबकांच्या ताटातली. कुंदा मांडी घालून बसायची, एक तुकडा मांडीखाली सारायची आणि दाराकडे बघत खायची. बाहेर चैत्राचं ऊन तापलेलं, आणि माजघरात कुजलेल्या पाल्याचा, भिजलेल्या कांबळ्याचा वास. चौकटीच्या काचेला आतून दव धरलेलं. बरगड्या आता चाचपाव्या लागत नव्हत्या. झबल्यातून दिसत होत्या.

डॉक्टर म्हणाले, जंत. जंतांचं औषध झालं. नाव न घेता घास दिला, तर ती ओठ मिटून कलंडायची.

एका सकाळी लीलानं बिल्ला काढून पदरात बांधला, कुंदाला कडेवर घेतलं आणि बिद्रीची मोटार धरली.

झुंबरबाईनं बिल्ला तळहातावर घेऊन जोखला. मग चुलीपाशी टाकून दिला, खडा टाकावा तसा.

“ह्यो रिकामा हाय.”

“असं काय म्हणता?”

“आईला कळंना व्हय?” तिनं कुंदापुढं भाकरीचा तुकडा धरला. कुंदा खाली उतरली. बसली. तुकडा मोडून अर्धा मांडीखाली सारला.

म्हातारी बघत राहिली. “केरबा हिसकावून खायचा. म्हनून माझा सयाजी असाच दडवायचा.” मग ती लीलाकडे वळली. अहोजाहो सरलं होतं. “कुनाच्या तोंडात घातलास गं?”

“आता काय करू?”

“नाव घिऊन घालत ऱ्हा. थांबू नगंस. त्यो येकदा उपाशी मेलाय. दुसऱ्यांदा न्हाय मरायचा.”

बिल्ला तिथंच राहिला.  त्र्यंबकांना मुलीच्या बरगड्या दिसल्या नाहीत, मखमलीवरची मोकळी जागा दिसली.

लीला नाव घेऊन घालत राहिली. श्रावणात ती विषमज्वरानं पडली. त्र्यंबकांनी तिला माहेरी कुरुंदवाडला धाडलं आणि कुंदाला ठेवून घेतलं. “सुशिक्षिताच्या घरात मेलेल्यांच्या पंगती! हट्ट मोडतो मी तिचा.”

परवा ते बघायला आले. खुशीत होते.

“मोडला हट्ट. काही मागत नाही आता.”

“मग खाते काय?”

“काही नाही. पण अशक्तपणा म्हणशील तर मुळीच नाही. त्या मोकळ्या जागेखाली उभी असते. ताठ. बस म्हटलं तरी बसत नाही.”

त्यांनी पाण्याचा पेला उचलला. एरवी मनगटावर घट्ट बसणारं नवं घड्याळ घसरून थेट कोपराशी गेलं.

लीलाला अजून अंथरुणातून उठवत नाही. येणाऱ्याजाणाऱ्याला ती विनवते, तुम्हालाही विनवते आहे. मंगळवार पेठेत जाणार असाल, तर कुंदाला बघून या. रिकाम्या हातानं जाऊ नका, भाकरी न्या. नाव घ्यायला विसरू नका. आणि दार उघडायला कुणीच आलं नाही, तर खिडकीतून एवढं तरी बघा : ती मांडी घालून बसली आहे, की अजून उभीच आहे.